मंग तुमी काय केलं?

"मनात आलं ते आलं. मंग तुमी काय केलं?" एवढं विचारून ती पेन फॉर्मवर उलटं टेकवायची आणि गप्प बसायची. समोरच्याला बोलावंच लागे.

त्या वर्षांत आमच्या अमरावती-अकोल्याकडे कितीतरी घरांतल्या माणसांनी जीव दिले. अशा घरांबद्दल, डोक्याच्या गोळ्या घेणाऱ्यांबद्दल लोकांच्या मनात काय येतं आणि ते आल्यावर ते कसे वागतात, हे आम्ही गावोगाव मोजत होतो. उत्तर एक ते सात आकड्यांत; एक म्हणजे मुळीच नाही, सात म्हणजे नेहमीच. मी पर्यवेक्षक. ती पातूरची, फुलं विकणाऱ्या घरातली, आमच्याकडे रोजाने प्रश्न विचारणारी.

बडनेऱ्याजवळच्या एका गावात एक आजी म्हणाली, "माह्या मनात वाईट येतच नाही. समद्याले एक टाक."

"माह्या तं रोज येते, आजी. तुमी काय देवाच्या घरून आल्या?"

आजी हसली. मग हळूच म्हणाली, "येते वं बाई. शेजारणीच्या पोरानं जीव देला, तवापासून तिच्याकडून विरजण आणतो, पण भांडं आपलं पाठोतो."

बाहेर आल्यावर मी माझ्या पातूरवालीला झापलं. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा. "वाचतो ना मॅडम," म्हणायची आणि पुढच्या घरी तेच. बाकीच्यांच्या फॉर्मवर नुसते एक. खरं काय ते तिच्याच फॉर्मवर सापडे, हे मला तेव्हाही दिसत होतं.

एका दुपारी जेवणानंतर तिने गोळी घेतली. कसली, मी विचारलं.

"डोक्याची. सहा वर्स झाले. आता बरं हाय." तिने पाण्याची बाटली माझ्यापुढे केली. मी तहान नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला ऑफिसात फॉर्म लावायला बसवलं. ऊन फार आहे, म्हटलं. तुम्हीही कदाचित हेच म्हणाला असता, ऊन होतंही.

"बाकीच्याईले ऊन नाही लागत काय, मॅडम?"

मी फॉर्मचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. आठवड्याभरात ती यायची बंद झाली.

वर्षाने पातूरच्या बाजारात दिसली. शेवंतीचे हार करत होती. पोत्यावर जागा करून म्हणाली, "बसा मॅडम." मी बसले. सर्वेक्षण पुन्हा सुरू होतंय, या, म्हटलं.

"ऑफिसात का गावात?"

गावात, एवढंच म्हणायचं होतं. पण काही झालं तर जबाबदार कोण, असं मनात आलं आणि मी थांबले. क्षणभरच. तेवढ्यात ती गिऱ्हाइकाकडे वळली. "घ्या भाऊ, ताजे हाय."

"गावात," मी म्हटलं.

तिने ऐकलं असेल. सुईत दोरा ओवत होती. मान वर केली नाही.