सुन्याची अर्धी प्रदक्षिणा

सुन्याला आज कार्गोतून घरी पाठवला.

वहिनी आणि लेक अन्वीचं तिकीट. त्याचं एअरवे बिल, मालाचं असतं तसं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुनील, माझा मित्र, पक्का कोल्हापूरकर. इकडे आखातात आलो तेव्हा, बॅचलर असताना, बिन महमूद भागातल्या एका खोलीत आम्ही राहिलो, मग अल वक्रात समोरासमोर संसार थाटले. मला त्याने आयुष्यभर "ए पुणेकर" अशीच हाक मारली. माझं नाव त्याला आठवत होतं की नाही, शंकाच आहे.

परवा रास लफानच्या प्लांटवरून ड्यूटी संपवून कंपनीच्या बसने येत होता. त्या बसमध्ये सगळेच झोपतात. स्टॉप आला, हा उठलाच नाही.

हार्ट. अहो, पन्नाशीसुद्धा नव्हती!

मी रजा मागायला गेलो. प्लांटचा शटडाऊन चालू आहे, म्हणजे मोठी दुरुस्ती, सगळ्यांच्या रजा बंद. मॅनेजर वाईट माणूस नाही, पाणी वगैरे दिलं. मग म्हणाला, "बट ही इज नॉट फॅमिली, नो?"

उठून आलो.

म्हणजे सुन्याला खांदा द्यायला मी नाही. पंचवीस माणसं देतील हो, कोल्हापुरात माणसांना काय तोटा. पण मी नाही.

कालपासून सगळे मला मेसेज करतायत, "काही लागलं तर सांग." अरे, काय लागणार आता?

म्हणून लिहीत बसलोय.

गेल्या वर्षी ईदच्या सुट्टीत दोन्ही घरं मिळून ग्रीसला गेलो होतो. अथेन्सहून बसने, समुद्राच्या कडेकडेने गेलं की टोकाला एक टेकडी आहे. वर समुद्राच्या देवाचं जुनं देऊळ. छप्पर नाही, मूर्ती नाही, नुसते पांढरे खांब उभे.

मी म्हटलं, गाइड घेऊ.

"गाइड कशाला पायजे? मी हाय की."

महिनाभर बसमध्ये झोपायचं सोडून या गड्याने मोबाईलवर ते देऊळ पाठ केलं होतं. त्याला म्हणे सेल्फ-गायडेड टूर करायची होती. सेल्फ म्हणजे तो. गायडेड आम्ही.

"हितनं पुढं वर बघायचं न्हाई. मी सांगितल्यावर बघायचं."

मी, माझी बायको, रेखावहिनी आणि त्यांची अन्वी. चौघं माना खाली घालून चढतोय, वारा असा की ओढण्या तोंडावर. मागून येणारे गोरे आमच्याकडे बघतायत.

"हां. आता बघा!"

बघितलं. माझ्यासारखा खवचट माणूससुद्धा फोटो काढायचा विसरला.

मग साहेबांनी सांगितलं, जुन्या काळी दूरवर गेलेले खलाशी परत यायचे, तेव्हा समुद्रातून त्यांना पहिलं हे देऊळ दिसायचं. दिसलं की समजायचं, आलो घरी.

"माझं तसं पंचगंगेच्या पुलाचं हाय," म्हणाला. "मुंबईपास्नं किती बी झोपलो असू दे, पुलावर डोळा उघडतोच."

आणि मग याने बूट काढले.

"अरे येड्या, ही साइट आहे. आत देव तरी आहे का?"

"देव नसंल. जागा त्याचीच हाय न्हवं?"

तापलेल्या खडीवर उड्या मारत निघाला प्रदक्षिणेला. सगळं जग उलट्या बाजूने येतंय, हा देवळाला उजव्या हाताला धरून "सॉरी, सॉरी" करत पुढे. अन्वी म्हणाली, "बाबा, यू आर सो एम्बॅरसिंग."

मागच्या बाजूला दोर बांधला होता, काहीतरी काम चाललं होतं. हा ओलांडायला गेला तर गार्डने शिट्टी मारली.

मी हसलो, "झाली तुझी प्रदक्षिणा? राहिली ना अर्धी?"

"अर्धी कशानं? महादेवाला अशीच असती. आडवं आलं की वलांडायचं न्हाई. गपगुमान माघारी फिरायचं. पुरी धरत्यात."

आणि आल्या वाटेने परत गेला. आता मात्र सगळ्यांच्या बरोबरीने, ऐटीत.

आज दुपारी शवागारात थोडा वेळ दर्शनाला दिला होता. पेटी चाकांवर, एका अंगाने भिंतीला लावलेली. खांद्याचा प्रश्नच नव्हता. इथे माणूस ढकलत नेतात.

आपल्याकडे घरून न्यायच्या आधी प्रदक्षिणा घालतात. वहिनी उठल्या आणि भिंतीपाशी अडकल्या. पुढे जागाच नाही. माझ्याकडे बघितलं. मी पेटी न्यायला आलेल्या पोऱ्याला म्हटलं, "भाई, थोडा आगे लेंगे?" तो म्हणाला, "नहीं भाई, गाड़ी आ गया. यल्ला, चलो, प्लीज."

मी बूट काढले.

वहिनींना कळलं. त्यांनी पण चपला काढल्या. अन्वीने सँडल. भिंतीपर्यंत गेलो आणि माघारी फिरलो.

पुरी धरतात म्हणाला होता. धरली असेल का रे?

एअरपोर्टवर अन्वीने विचारलं, "काका, इज इट कोल्ड इन द कार्गो?"

एवढा मोठा इंजिनियर मी. तिचं जॅकेट नीट केलं, बस.

उद्या मुंबईला उतरतील, तिथून ॲम्ब्युलन्सने कोल्हापूर. मी तेव्हा प्लांटवर असेन, हेल्मेट घालून.

वहिनींना एवढंच म्हटलं, "पूल आला की त्याला हाक मारा."

"मारते," म्हणाल्या.

जा भावा. नीट जा.