नव्या फ्रिगेटला जुनं नाव

सातपूरच्या एका कारखान्यावरून जाताना जळक्या फर्नेस ऑइलचा वास आला. अण्णा रजेवर आला की त्याच्या कपड्यांना हाच वास असायचा.

अण्णा, माझा थोरला भाऊ, नौदलात वाफेवर चालणाऱ्या जुन्या फ्रिगेटच्या, म्हणजे युद्धनौकेच्या, बॉयलर रूममध्ये होता. तिथल्या गरम पाइपांवरचं ॲस्बेस्टॉस काढायचं आणि नवं गुंडाळायचं. ती धूळ फुप्फुसात घेऊनच तो नाशिकला परतला.

हॉस्पिटलात मी त्याला पेपर वाचून दाखवला. त्याच्या मोडीत निघालेल्या जहाजाचं नाव प्रथेप्रमाणे नव्या फ्रिगेटला दिलं होतं. बँड वाजला, मंत्र्यांच्या पत्नीने नारळ फोडला.

"जहाज भंगारात गेलं, नाव मात्र अजून नोकरीत आहे," मी म्हणालो.

तो हसला, बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "हिच्यात बॉयलर आहे का रे?"

"असेल की. एवढं धूड काय वल्ह्यांनी चालणार आहे?"

तो भिंतीकडे वळला. मला वाटलं, दमला असेल.

नव्या फ्रिगेटी गॅस टर्बाइनवर आणि डिझेलवर चालतात, वाफेच्या बॉयलरवर नाही, हे मी त्याच्या तेराव्यानंतर वाचलं. आता तिथल्या पोरांना ती धूळ खावी लागत नाही, एवढंच त्याला ऐकायचं होतं.