काकूंसाठी कंट्रोलर

घड्याळजींनी दुरुस्त केलेलं घड्याळ पुन्हा त्यांच्या दुकानी आलं, असं त्या रस्त्यावर कुणाला आठवत नाही. त्यांच्या बोटांत काही जादू होती असं नाही. कारण एवढंच, की दुरुस्त झालेलं घड्याळ ते लगेच गिऱ्हाइकाला देतच नसत. आधी खिळ्याला टांगून ठेवायचे, मग उताणं, मग पालथं, मग स्वतःच्या मनगटावर. गिऱ्हाईक घायकुतीला येऊन म्हणायचं, "चालतंय ना आता? द्या की!" त्यावर यांचं उत्तर ठरलेलं. "आत्ता चालतंय. उद्या चालेल का ते बघू दे."

या स्वभावावर त्यांचं घर चाललं, चार लोकांत नाव झालं. पण देव एका माणसाला एकच गुण देतो आणि तो कुठे वापरायचा ते मात्र त्याच्यावर सोडतो.

घड्याळजींच्या बायकोला सगळे काकू म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. सहा मशीनं, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि हातात पट्टी घेतलेल्या काकू. पट्टी त्यांनी कधी कुणाला मारली नाही, पण चुकीचं बोट पडलं की तिनं मशीनवर टकटक करायच्या. "चुकीचं बोट एकदा बसलं की जन्मभर सुटत नाही, बाई! सावकाश जा, पण बरोबर जा." शेजारणीचं तान्हं मूल त्या खडखडाटातच झोपायचं, रविवारी क्लास बंद असला की रडून घर डोक्यावर घ्यायचं.

पुढे मशीनं गेली, क्लास गेला, बोटांची सवय तेवढी राहिली. काकू रागावल्या की तोंडातून शब्द काढत नसत. जेवणाच्या टेबलावर बोटं चालवत बसायच्या. घड्याळजी विचारायचे, "काय लिहितेस?"

"तुमच्याबद्दलच आहे. न वाचलेलं बरं."

अशा या काकूंच्या उजव्या हातातून एका सकाळी चहाचा कप सुटला. कप फुटला, आणि तो उचलायला हात पुढे करावा तर हात ऐकेना. दवाखाना झाला, औषधं झाली. देवाची कृपा, बोलणं परत आलं, पाय परत आले. उजवा हात मात्र रुसून बसला. बोटं थोडी हलायची, पण मिटायला लागली की मिटूनच राहायची.

व्यायामाच्या बाई घरी यायला लागल्या. तरुण, हसऱ्या आणि तोंडाच्या फटकळ. त्यांनी पहिल्याच दिवशी एक मऊ चेंडू दिला. "दाबत राहायचा."

काकूंनी दोन दिवस दाबला, तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात टाकला. "मी काय कुत्र्याचं पिल्लू आहे का, चेंडू द्यायला?"

बाई खो खो हसल्या. "मग आवडेल असं काही करू. टीव्हीवरचे खेळ खेळाल? बटणं दाबायची, अंगठा फिरवायचा. तुमच्या बोटांना बटणांची ओळख आहेच." मग घड्याळजींकडे वळून त्या गंभीर झाल्या. "काका, हे पहिले काही महिने मोलाचे असतात. बोटं आत्ता मोकळी झाली तर झाली. खेळ कुठलाही चालेल. पण रोज खेळायला हवं."

लेकीला कळवलं, तशी ती आणि जावई रविवारी आपल्या घरचा जुना खेळाचा डबा घेऊन आले. जावयाने तो टीव्हीला जोडून दिला. एक छोटा निळा पक्षी, तो भिंतीवरून भिंतीवर उड्या मारत फळं टिपत जायचा. चुकला की खाली पडायचा, पंख झटकून पुन्हा उभा राहायचा. काकू लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायला गेल्या आणि एकच हात वर आला.

अडचण एकच होती. डब्याबरोबरचा, हातात धरून बटणं दाबायचा कंट्रोलर पार खिळखिळा झालेला, जावयाने कसाबसा चालवून दाखवला तेवढाच. "नवा घ्यावा लागेल, बाबा," जावई म्हणाला. "बिनवायरचा घ्या. आई खाटेवर बसणार, मधे वायर नको, पायात यायची. हातात नीट बसतो का, आणि बटण दाबल्याबरोबर उडी मारतो का, एवढंच बघा."

एवढंच बघा! हे घड्याळजींना सांगायचं म्हणजे आगीत तेल ओतायचं.

दुसऱ्याच दिवशी ते काकूंना रिक्षात घालून दुकानात घेऊन गेले. काचेच्या कपाटात कंट्रोलरांची रांग लागली होती. काकूंनी एकेक मांडीवर घेऊन पाहिला. कुणी फार जड, कुणाच्या कडा बोचणाऱ्या, कुणाची मागची बटणं अशी ताठ की धडधाकट माणसानेही नमस्कार करावा. मग एक करड्या रंगाचा आला. गुबगुबीत, खालून खरखरीत रबर लावलेला, मुठीत आपोआप बसणारा. काकूंची मिटलेली बोटं त्याच्या पोटाखाली अलगद गेली. अंगठा बटणावर टेकला. दाबलं, आणि दुकानाच्या टीव्हीवर काहीतरी हललं.

"अहो, हाच," काकू म्हणाल्या. "मांजरीचं पिल्लू धरल्यासारखं वाटतंय."

घरी आल्यावर घड्याळजींनी आधी स्वतः बटण दाबलं. मान तिरकी करून पुन्हा दाबलं. डोळे बारीक झाले.

"काय झालं?"

"उशिरा उडतोय."

"कोण?"

"पक्षी. बटण आधी, उडी मागून. केसाएवढा फरक आहे, पण आहे."

"अहो, मला नाही दिसत तो केस. द्या इकडे."

"नको. हातात चुकीची लय बसेल. तूच सांगायचीस ना पोरींना, चुकीचं बोट एकदा बसलं की जन्मभर सुटत नाही?"

 काकूंचीच पट्टी काकूंवर टकटक करायला लागली. डाव्या हाताची बोटं तेवढी चादरीवर चालत राहिली.

करडा कंट्रोलर परत गेला. बदली काळा आला. दुकानात बटणासरशी चित्र हलायचं, घरी आला की पुन्हा तोच केसाएवढा उशीर. "दुकानात गुणाचा, घरात अवगुणी. नव्या नवरीसारखं झालं हे," घड्याळजी चिडून म्हणाले.

"नव्या नवरीला कशाला नावं ठेवता? नवरेच तसे असतात," काकू खाटेवरून म्हणाल्या. तेव्हा अजून त्यांना थट्टा सुचत होती.

काळाही परत गेला. तिसऱ्या वेळी दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, मी लग्नाच्या साड्या विकतो की कंट्रोलर, तेच मला कळेनासं झालंय. हा शेवटचा. ह्याच्यापेक्षा चपळ माझ्याकडे नाही." तो काकूंच्या हाताला कडक होता. घड्याळजी म्हणाले, कडकपणाचं मी बघतो. त्यांनी तो थेट आपल्या कामाच्या टेबलावर नेला, डोळ्याला भिंग लावलं आणि खोलला. मागच्या बटणांच्या स्प्रिंगा काढून नरम घातल्या. हे काम खरंच नामी झालं, बटण नुसत्या श्वासानं दबावं असं. पण घरी टीव्हीसमोर धरला की पक्षी पुन्हा मागे. मग पुन्हा खोल, पुन्हा लाव. उताणा ठेव, पालथा ठेव. गिऱ्हाइकांची घड्याळं खोळंबली. रोज संध्याकाळी घरी आले की काकू विचारायच्या, "आणला का?" आणि रोज घड्याळजी म्हणायचे, "उद्या बघू."

व्यायामाच्या बाई मधल्या काळात बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. त्यांच्या जागी दुसरं कुणी मिळालं नाही. लेक फोनवर विचारायची, "आई खेळते ना?" घड्याळजी सांगायचे, "होतंच आलंय."

पुढे पुढे काकूंनी "आणला का?" विचारणं सोडून दिलं. घड्याळजींना वाटलं, तिला धीर आला.

जावई पुन्हा आला तो एका लग्नाहून परतताना, वाटेत जेवायला म्हणून. घड्याळजींनी त्याला खेळ लावून दाखवला. "बघा. दाबलं. आत्ता उडाला. दिसला फरक?"

जावयाने दोनदा दाबून पाहिलं. मग टीव्हीचा रिमोट घेतला, टीव्हीच्या सेटिंगांच्या कुठल्याशा पानावर गेला, एक खूण केली आणि कंट्रोलर सासऱ्यांच्या हातात दिला. "आता दाबा."

घड्याळजींनी दाबलं. पक्षी बोटाबरोबर उडाला.

"टीव्ही जुना आहे, बाबा. चित्र सुंदर दिसावं म्हणून तो ते आधी घोटत बसतो, मग दाखवतो. खेळासाठी ते बंद करायचं असतं. कंट्रोलरचा काही दोष नव्हता."

"आधीच्या दोघांचाही?"

"कुणाचाच नसणार," जावई सहज म्हणाला आणि हात धुवायला गेला.

 घड्याळजी घाईघाईने खाटेपाशी गेले. "अगं, झालं! घे, घे. बघ कसा उडतो."

काकूंनी हात पुढे केला. बोटं तळव्यात रुतून बसली होती. घड्याळजींनी एकेक बोट सोडवून कंट्रोलरखाली घातलं. सोडलं की ते परत मिटायचं. अंगठा आडवा पडला होता. काकूंनी ओठ दातांत धरून जोर केला. खांदा हलला, कोपर हललं. अंगठा हलला नाही. श्वासानं दबणारं बटण होतं ते.

"पहिल्या वेळी दुकानात बटण दाबलं होतंस ना गं तू?" घड्याळजींनी विचारलं.

"हो," काकू म्हणाल्या. "दाबलं होतं."

थोड्या दिवसांनी व्यायामाच्या बाई परत आल्या, बाळाचे फोटो दाखवत. हात पाहिला आणि त्यांचं हसू आत गेलं. "काकू, खेळत होता ना रोज?"

घड्याळजींनी तोंड उघडलं, पण काकू आधी बोलल्या. "रोज. हे समोर बसवून खेळवायचे. एक दिवस चुकला नाही."

बाईंनी सुस्कारा सोडला. "मग काय करणार. एवढं करूनही बोटं मोकळी झाली नाहीत, म्हणजे आपल्या हातात नव्हतं. काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं."

बाई निघाल्या तसे घड्याळजी त्यांच्या मागोमाग जिना उतरले. फाटकाशी त्यांनी सगळं सांगून टाकलं, करड्या कंट्रोलरपासून टीव्हीवरच्या खुणेपर्यंत.  मग घड्याळजींनी विचारलं, "तोच पहिला, उशिरा उडणारा, तिच्या हातात राहू दिला असता तर?"

"बोटांना उशीर वगैरे काही कळत नसतो, काका. त्यांना हलायचं असतं." बाईंनी फाटकाची कडी धरली. "पण हात परत आलाच असता, असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. कदाचित आला असता. कदाचित नसता. आता ते कुणालाच कळायचं नाही."

खातरी केल्याशिवाय घड्याळाचा साधा पट्टाही न बदलणारा माणूस हे उत्तर घेऊन जिना चढला.

काकू खाटेवर तशाच होत्या. "सांगून आलात ना?"

"हो."

"वाटलंच. पोटात काही राहायचं नाही तुमच्या. मी देवाच्या तसबिरीसमोर बसून धडधडीत खोटं बोलले, ते फुकट घालवलंत."

"कशाला बोललीस?"

"मग काय, परक्या माणसापुढे तुमचा उद्धार करू?" काकूंनी डाव्या हातानं आपली मिटलेली मूठ मांडीवर ओढून घेतली. "त्या दिवशी मी तो करडा हिसकावून घ्यायला हवा होता. डावा हात होता की मला. वाटलं, एवढा जीव लावून करताहेत, करू दे. माझीच चूक ती." मग त्या खाटेवर जरा सरकल्या. "बसा इथे. लावा तो टीव्ही."

घड्याळजी बसले. कंट्रोलर दोघांच्या मधे उशीवर ठेवला. काकूंनी डाव्या अंगठ्यानं पक्षी चालवायचा, आणि भिंत आली की उडीचं बटण घड्याळजींनी दाबायचं, असं काकूंनी ठरवून दिलं. पक्षी निघाला. पहिली भिंत आली.

"उडी! अहो उडी! झोपलात का?"

पक्षी पडला. पंख झटकून उठला. काकूंनी त्याला पुन्हा भिंतीपाशी आणला, पुन्हा ओरडल्या, पुन्हा तो पडला. "नजर कुठे आहे तुमची?" काकू वैतागून म्हणाल्या.

घड्याळजींची नजर काकूंच्या मांडीवरच्या मिटलेल्या उजव्या मुठीवर होती.