नऊ नंबरचा पाय, आठ नंबरचा बूट

"डोळे मिटा. तळव्याला कुठं दाबल्यासारखं वाटलं की ‘लागलं’ म्हणा," बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

मी डोळे मिटले. पाढे येत नसताना नुसते ओठ हलवून शाळा काढलेला माणूस मी. मधे थोडं थांबत, अंदाजानं "लागलं... लागलं" म्हणत राहिलो. सात-आठदा झाल्यावर बाई म्हणाल्या, "चाचा, मी अजून सुरुवातच केली नाही. दोरा शोधतेय."

शेजारी बसलेल्या आमच्या बायकोनं, शमीमनं, कपाळाला हात लावला.

मग खरी तपासणी झाली. त्या दोऱ्याला मोनोफिलामेंट म्हणतात. मासे धरायच्या गळाला असतो तसला नायलॉनचा. तो वाकेपर्यंत तळव्यावर दाबतात. उजव्या पायाला दहा जागी दाबला, मला दोन कळल्या. ह्या बधिरपणाचं नाव न्यूरोपॅथी, म्हणजे साखरेनं पायाच्या नसा मंदावणं. आणि अंगठ्याच्या बुडाशी ज्याला मी दोन महिने कुरूप म्हणत होतो, तो निघाला डायबेटिक फूट अल्सर. म्हणजे जखमच, पण दुखत नाही अशी.

"हाडापर्यंत गेली तर अंगठा काढावा लागेल," बाई शांतपणे म्हणाल्या. "अजून गेलेली नाही."

आता लाज सोडून धंदा सांगतो. इंदापुरात माझं तीस वर्षं चपला-बुटांचं दुकान आहे. गिऱ्हाईक पायरी चढतानाच मी त्याचा नंबर ओळखतो. माझा स्वतःचा नऊ. पण दुकानदार चांगला जोड कधी घालत नाही, जो खपत नाही तो घालतो. काचेत मांडायला आम्ही जोडातला एक बूट काढतो, नेहमी आठ नंबरचा. ऊन खाऊन त्याचा रंग उडतो, मग तो जोड कोण घेणार? मी घालायचो. एक बूट फिका, एक गडद.

सुरुवातीला आत जाताना पाय कुरकुर करायचा. पुढं ती थांबली. मला वाटलं, बूट सैलावला. गप्प झाल्या होत्या त्या नसा. मग ते कुरूप उठलं, आणि मी, पायांचा जाणकार, ते दुकानातल्या ब्लेडनं तासत बसलो.

आणखी एक कबुली. नमाजाआधी वजू करताना दिवसातून पाच वेळा पाय धुणारा मी, तळवा उलटा करून एकदाही पाहिला नव्हता. पाहिलं शमीमनं, तेही आधी फरशीवर. पुसलेल्या फरशीवर माझी पावलं उठली होती, एकात लाल डाग.

"ह्ये काय हाय?"

"डाळिंबाचा रस सांडला असंल."

"घरात डाळिंब न्हाय आन् तुमाला अक्कल न्हाय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्ही बारामतीच्या एसटीत होतो.

पुढच्या आठवड्यात पायाखालचा दाब मोजायला बोलावलं. पेडोबॅरोग्राफी हे त्याचं नाव. नीट उच्चारता आलं तर निम्मा आजार तिथंच बरा व्हावा असं. जमिनीवर एक लांब पट्टी, तिच्यात बारीक सेन्सर. तिच्यावरून अनवाणी चाललं की संगणकावर पाऊल उमटतं. दाब कमी तिथं निळं, जास्त तिथं लाल. जखमेवर पातळ ड्रेसिंग केलं आणि मी निघालो.

परीक्षा म्हटल्यावर पास व्हायचंच. खाली मांजर झोपलंय अशा बेतानं उजवा पाय टेकवत गेलो. पडद्यावर सगळं निळंशार.

"छान चालता," बाई म्हणाल्या. "मग जखम कोणाला झाली?"

तीनदा चालवलं, तीनदा निळं. "दुकानात चालता तसं चाला ना." ते काही जमेना. आपण कसं चालतो हे कुणाला ठाऊक असतं?

तेवढ्यात शमीम बाकावरून म्हणाली, "अवो, आलेलं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात शिरलं बघा."

बास. टाच न टेकवता, चवड्यावर, तरातरा निघालो. भिंतीपाशी पोचल्यावर ध्यानात आलं, आपण बारामतीत आहोत.

पडद्यावर, बरोबर जखमेच्या जागी, लिंबाएवढा लालभडक गोळा होता. बाईंनी माझा बूट उचलून पाहिला. "पाय नऊचा, बूट आठचा, आणि भार सगळा चवड्यावर. प्रत्येक पावलाला तुम्ही जखमेवर घाव घालताय."

मला हसू येईना. "अंगठा राहील ना?"

"तुम्ही किती बसता त्यावर आहे."

ह्याला ऑफलोडिंग म्हणतात, जखमेवरचा भार काढणं. जखमेच्या जागी खळगा असलेली खास चप्पल मिळाली, तीही फक्त घरातल्या घरात. दर आठवड्याला ड्रेसिंग. दवाखान्यात आम्ही सगळे पेशंट एकमेकांची तोंडं न बघता पाय बघत बसायचो. दुकान शमीमनं चालवलं, आणि माझ्याहून बरं चालवलं, हे ती अधूनमधून सांगत असते.

अकराव्या आठवड्यात जखम मिटली. ती चप्पल पायात ठेवून, आत पातळ सेन्सर सरकवून पुन्हा दाब मोजला. ह्या वेळी मी आपलं नेहमीचं चाललो. लाल गोळ्याच्या जागी पिवळं आलं, लाल आणि निळ्याच्या मधलं.

"पास?" मी विचारलं.

"काठावर," बाई म्हणाल्या. बाहेर बाकावर शमीमला सांगितलं तर तिनं पदरानं डोळे पुसले आणि एसटीची वेळ विचारली.

तुमच्यापैकी कुणाला साखर असेल तर एवढं करा. तळवा रोज आरशात बघा, नाहीतर घरच्यांना दाखवा. दुखत नाही म्हणून खूश होऊ नका. मी दोन महिने खूश होतो.

परवा वरकुट्याचे एक तात्या दुकानात आले. जुना बूट काढला तर आतून हरभऱ्याएवढा खडा पडला.

"तात्या, हा कधीपास्नं आत हाय?"

"कुणाला ठावं. सकाळी घातलाय बूट. मला तर काय बी जाणवलं न्हाय."

मी खाली बसलो आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. तात्या ओशाळले. "आरं, ह्ये काय करतूस? बूट दाखव की."

"बूट आज मिळायचा न्हाय," मी म्हणालो, आणि बारामतीच्या बाईंचा पत्ता लिहून दिला.