सदुसष्ट वेगवेगळे अर्ज

माझे थोरले काका सव्वीस वर्षं लष्करात होते, आणि त्या सव्वीस वर्षांत बंदूक त्यांच्या हातात आली ती वर्षातून एकदा, चाचणीपुरती. बाकी सगळा काळ झारा. छावणीच्या भटारखान्यात ते आचारी होते, पण त्यांना आचारी म्हणून कुणी हाक मारत नसे. सगळे ‘वकील’ म्हणत.

हे नाव पडलं ते पातळ दुधामुळे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी छावणीत मैदानी खेळ होते, बाहेरची माणसं बघायला आली होती. चहाच्या टेबलापाशी एका गृहस्थाने सहज विचारलं, जेवणखाण कसं असतं? काकांनीही सहजच सांगितलं, सगळं बरं असतं, फक्त दूध इतकं पातळ येतं की भांड्याचा तळ दिसतो. गृहस्थ वार्ताहर निघाला. दुसऱ्या दिवशी तो तळ सगळ्या गावाने वर्तमानपत्रात पाहिला आणि काकांना चौदा दिवस छावणीबाहेर पडायला बंदी झाली, वर मोठी पातेली घासायचं काम. कुठल्या नियमाखाली, असं त्यांनी विचारलं, तर भटारखान्याचा हवालदार म्हणाला, “नियम पाळायचे असतात, विचारायचे नसतात.”

काकांनी मग विचारलं नाही, वाचलं. छावणीच्या वाचनालयात सेवानियमांचं जाडजूड पुस्तक धूळ खात पडलं होतं. चौदा संध्याकाळी ते त्याच्यापाशी बसले. वर्तमानपत्राशी बोलायचं नाही, संघटना काढायची नाही, दोघांनी मिळून एका कागदावर तक्रार द्यायची नाही, हे सगळं त्यात होतंच. पण थोडं पुढे असंही होतं की एकट्याने तक्रार दिली तर मुख्य अधिकाऱ्याने ती समोरासमोर ऐकायची आणि तीस दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. आणखी पुढे होतं की ज्याच्यावर आरोप आहे त्याला आपली बाजू मांडायला सेवेतला ‘कुणीही’ एक माणूस आणता येतो. ‘कुणीही’ या शब्दाखाली काकांनी पेन्सिलने रेघ मारली. सरकारी पुस्तकावर रेघ मारणं हाही गुन्हा आहे, हे त्यांना चार पानांनंतर कळलं.

पुढची सोळा-सतरा वर्षं हे ज्ञान कुणाच्या रजेच्या, कुणाच्या बदलीच्या कामी येत राहिलं. खरा प्रसंग आला तो एका कडाक्याच्या हिवाळ्यात. न्हाणीघराचा बॉयलर बंद पडून दोन महिने झाले होते. ट्रक चालवणारा एक जवान होता, दोन लेकरांचा बाप, उंचीमुळे त्याला सगळे ‘शिडी’ म्हणत. त्याने गार पाण्याखाली कुडकुडतानाचा आपला व्हिडिओ काढला आणि वर म्हणाला की शत्रू कधी येईल ते माहीत नाही, पण आमचा बॉयलर त्याला आधीच जाऊन मिळालाय. मित्रांना पाठवलेला तो व्हिडिओ दोन दिवसांत गावभर झाला. शिडीवर आरोप आला, परवानगीशिवाय सेवेच्या बाबींवर जाहीर मत मांडल्याचा.

सुनावणीत त्याच्या बाजूने उभं राहायला एकही जण तयार होईना. काकांना पेन्शनला सहा वर्षं होती, घरात दोन मुली लग्नाच्या वयाच्या होत्या. काकू म्हणाली की जायचं तर जा, पण आधी कांद्याचा वास जाईपर्यंत हात धुवा.

कर्नल शांत आवाजात बोलणारे, चष्म्यावरून बघणारे गृहस्थ होते. शेजारच्या कॅप्टनने लगेच हरकत घेतली, की हा तर आचारी आहे. काकांनी पुस्तक उघडून पुढे ठेवलं. कर्नलांनी ओळ वाचली आणि विचारलं, या शब्दाखाली रेघ कुणी मारली? काका म्हणाले की शब्द महत्त्वाचा आहे, साहेब. कर्नलांनी सुनावणी सुरू केली.

काकांनी शिडीला निर्दोष ठरवायचा प्रयत्नच केला नाही. चूक झाली, कबूल आहे, म्हणाले. फक्त विनंती केली की ती का झाली तेही बघावं. तेव्हा कर्नलांनी विचारलं, “बॉयलर बंद आहे हे मला कुणी कळवलं का नाही?”

“सगळ्यांनी मिळून कळवणं गुन्हा आहे, साहेब. आणि एकट्याने कळवायची कुणाची छाती होत नाही.”

“कुणी एकटा आला असता, तर मी ऐकलं असतं.”

हे वाक्य कारकुनाने कार्यवृत्तात उतरवून घेतलं. कर्नलांची चूक झाली ती इथे.

शिडीला लेखी ताकीद मिळाली, फोन महिनाभर जमा झाला. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला, कारण त्याला नोकरी जायची धास्ती होती. काका भटारखान्यात परतले आणि दुपारी वाढायला उभे राहिले. जेवणाच्या रांगेत वाढणारा एका वेळी एकाशीच बोलतो. जो विचारेल त्याला काकांनी वाढता वाढता नियम सांगितला, कर्नल काय म्हणाले तेही सांगितलं. अर्ज करा, असं ते कुणालाही म्हणाले नाहीत.

सोमवारी सकाळी कारकुनाच्या टेबलावर सदुसष्ट अर्ज पडले. सदुसष्ट कागद, सदुसष्ट सह्या, आणि एकातली ओळ दुसऱ्यात नाही. बिगुल वाजवणाऱ्याने लिहिलं होतं की सकाळी ओठ बधिर असल्यामुळे सूर लागत नाही आणि बटालियन बेसूर उठते. एकाने गुडघ्यांचा इतिहास दिला होता. एकाची तक्रार अशी की गार पाण्याच्या भीतीने शेजारच्या खाटेवरचा नऊ दिवसांपासून आंघोळ करत नाही, तरी माझ्या आरोग्याचा विचार व्हावा. नियमाप्रमाणे प्रत्येकाला समोर बोलावून ऐकणं भाग होतं. माणशी दहा मिनिटं धरली तरी कर्नलांचे तीन दिवस जाणार होते. कारकुनाच्या नाकी नऊ आले.

दुसऱ्या दिवशी, गुडघेवाला बोलून गेल्यावर, कर्नलांनी काकांना बोलावलं.

“हे ठरवून केलंय. ही एकत्रित तक्रार आहे.”

“नाही, साहेब. कागद वेगळे, शब्द वेगळे, सह्या वेगळ्या. बॉयलर तेवढा एक आहे, त्याला माझा इलाज नाही.”

कर्नल उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. कारकून म्हणतो, त्यांचे खांदे हलत होते. रागाने की हसण्याने, हे विचारायची सोय नव्हती.

चौथ्या दिवशी मिस्त्री आला. सदुसष्ट लेखी उत्तरं टाइप करता करता कारकुनाची बोटं सुजली, आणि शेवटचं उत्तर सुटलं त्याच संध्याकाळी एक आदेश निघाला की आचाऱ्याने जेवण वाढताना नियमांविषयी बोलू नये. काकांनी तो अक्षरशः पाळला. तोंड उघडलं नाही. फक्त भटारखान्याच्या फळ्यावर पदार्थांपुढे आकडे दिसू लागले, ‘वाटाण्याचं सूप, ११८’, ‘उकडलेले बटाटे, २०४’. अधिकाऱ्यांना वाटलं, वाट्यांची संख्या असेल. वाचनालयातल्या त्या पुस्तकाची एकशे अठरावं आणि दोनशे चौथं ही पानं मात्र महिन्याभरात हाताळून काळी पडली. रजा नाकारली तर कारण लेखी मागता येतं, हे एकशे अठराव्या पानावर होतं.

काका निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी सरकारने एक समिती नेमली. सैनिकांना निवडून दिलेला प्रतिनिधी असावा का, एवढाच तिच्यापुढचा प्रश्न. काकांना तिच्यापुढे बोलायला तीन मिनिटं मिळाली. त्यांनी सांगितलं की हातात शस्त्र असलेल्याने संप करू नये, मोहिमेबद्दल तोंड बंद ठेवावं, हे मला मान्य आहे. मग म्हणाले, “पण शत्रूपासून लपवण्यासारखं आमच्याकडे फार थोडं असतं. बाकीचं आम्ही साहेबांपासूनच लपवतो, कारण ते सांगायला जागा नसते.” समितीतल्या एका निवृत्त जनरलने ते लिहून घेतलं.

अहवाल यायला दोन वर्षं लागली. आता प्रत्येक छावणीत एक प्रतिनिधी असतो. त्याला संप पुकारता येत नाही, वर्तमानपत्राशी बोलता येत नाही, पण महिन्यातून एकदा मुख्य अधिकाऱ्याच्या बैठकीत खुर्ची मिळते. काकांच्या जुन्या छावणीत पहिल्यांदा निवडून आली ती तिथल्या दवाखान्यातली परिचारिका. पहिल्या बैठकीच्या आदल्या दिवशी ती काकांचा सल्ला घ्यायला घरी आली. वहीत तिने बावीस मुद्दे काढले होते आणि ती घाबरली होती.

काकांनी वही चाळली, सगळं बरोबर आहे म्हणाले, आणि एकच गोष्ट सांगितली.

“आत गेल्यावर कुणी बसा म्हणायची वाट बघू नका. खुर्ची दिसली की बसायचं. उभ्या माणसाचं ऐकून त्याला लगेच जा म्हणता येतं.”