सव्वीस म्हणजे सव्वीस

माझा मामा टेनिसच्या रॅकेटला तारा विणतो. पुरुषांच्या सर्किटवर खेळाडू दर आठवड्याला गाव बदलतात, आणि त्यांच्या मागोमाग विणणारेही आपापलं यंत्र पेटीत घालून फिरतात. तिथे सगळे त्याला मास्तर म्हणतात. एक रॅकेट विणायला त्याला बावीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात घरून फोन आला तरी तो उचलत नाही. मामी म्हणते, "मी मेले तरी आधी गाठ मारतील, मग रडतील."

डावऱ्याच्या रॅकेट तो सात वर्षं विणत होता. डाव्या हाताने खेळणारा म्हणून डावरा. सुरुवातीला हा मुलगा क्रमवारीत तीनशेच्या आसपास होता. पहिला मोठा सामना त्याने सव्वीस किलो ताणावर जिंकला, आणि तेव्हापासून ऊन असो की गारठा, रॅकेटसोबत द्यायच्या त्याच्या चिठ्ठीवर आकडा एकच, सव्वीस.

मामा मान डोलवायचा आणि आपल्या मनाचं करायचा. गार हवेत, ओलसर मातीवर चेंडू जड होतो. तिथे सव्वीस लावले तर चेंडू पुढे जात नाही आणि सगळा दणका कोपरावर येतो. म्हणून तिथे चोवीस. कडक उन्हात तारा सैलावतात, तिथे सव्वीसच्या थोडं वर. विणून झालं की तळहाताने तारांवर थाप मारायची, आवाज ऐकायचा, मगच रॅकेट पिशवीत. डावरा अकराव्या जागेवर पोहोचला तो या थापेच्या जोरावर, पण त्याला वाटायचं सव्वीसच्या. मामाने त्याला कधी सांगितलं नाही. पोराची श्रद्धा आहे, कशाला मोडायची, असं त्याचं म्हणणं. चुकला तो इथेच.

दोन वर्षांपूर्वी एका गार दुपारी डावरा उपांत्य सामना हरला. अकरा डबल फॉल्ट केले, म्हणजे अकरा वेळा सर्व्हिसच्या दोन्ही संधी वाया घालवल्या. हरल्यावर कोणीतरी त्याच्या कानात काहीतरी घातलं आणि त्याने मामाच्या यंत्रातल्या नोंदी काढायला लावल्या. सात वर्षांत सव्वीस क्वचितच. तो कागद घेऊन डावरा पत्रकारांसमोर बसला आणि म्हणाला, "मी सव्वीस सांगतो, म्हातारा चोवीस लावतो. हात थकलेत की नियत फिरली, ते त्यालाच विचारा."

मामाला बोलता येईना, कारण कागद खरा होता. सर्किटवर त्याचं नाव आकडेचोर पडलं. प्रत्येक स्पर्धेच्या विणण्याच्या खोलीत भिंतीवर नवा नियम लागला: आकडा नसलेली चिठ्ठी घेतली जाणार नाही, लिहिलेल्या आकड्यात बदल होणार नाही. नियम कोणामुळे आला हे सगळ्यांना माहीत होतं.

दीड वर्ष मामा घरी बसला. घरातल्या सगळ्या खुर्च्यांचे वेत त्याने नव्याने विणले. "आता माझी वेणी तेवढी राहिलीय," मामी म्हणायची. डावऱ्याचा विषय निघाला की मात्र तिची थट्टा आटायची. अकरा डबल फॉल्ट आणि म्हणे तारा सैल, नाचता येईना अंगण वाकडं, एवढं बोलून ती आत निघून जायची.  मामा मात्र टीव्हीवर डावऱ्याचा एकही सामना चुकवत नसे, आणि तो हरला की त्या दिवशी एक पोळी जास्त खायचा.

मग पुढच्या मोसमात एका बाईंनी त्याला परत बोलावलं. त्यांनी पहिली गाठ मामाकडून शिकली होती, आणि आता चार स्पर्धांची विणण्याची खोली त्यांच्या हाताखाली होती. पहिल्याच दिवशी डावऱ्याची पिशवी खिडकीवर आली. त्याने स्वतःचा विणणारा ठेवणं सोडलं होतं. बाई म्हणाल्या, ही दुसऱ्या कोणाला देऊ. मामाने पिशवी आपल्या टेबलाकडे ओढली.

"ही माझी."

"मास्तर, एक चूक झाली तर तुमच्याबरोबर मीही जाईन."

"चूक होणारच नाही. तीच तर गंमत आहे."

मी मापं तपासण्याचं काम करते. त्या मोसमात प्रत्येक स्पर्धेआधी त्याने मला बोलावून, यंत्राला वजनं टांगून ताण बरोबर भरतो का ते तपासून घेतलं. काटा केसभर हलला तरी पुन्हा लावायला सांगायचा. मला वाटलं, त्याला आपलं नाव धुऊन काढायचंय. ते होतंच, पण तेवढंच नव्हतं.

डावऱ्याने सव्वीस लिहिले, मामाने सव्वीस लावले. थाप मारली नाही. यंत्रातून छापून आलेली आकड्याची चिठ्ठी रॅकेटच्या मुठीवर चिकटवली आणि रॅकेट दिली. पहिल्या स्पर्धेत ऊन होतं, थोडक्यात निभावलं. दुसरी आणि तिसरी मातीवर, ढगाळ हवेत. डावरा दोन्हीकडे पहिल्या फेरीत गारद. त्याच्या कोपरावर आधी पट्टी आली, मग मोठी पट्टी. मामा ते कोर्टाच्या जाळीमागे उभा राहून बघायचा आणि हळूच म्हणायचा, "सव्वीस म्हणजे सव्वीस."

चौथी स्पर्धा बंद छताखाली होती. डावरा तोवर चौसष्टावर घसरला होता. तिथून खाली गेला असता तर पुढच्या वर्षी त्याला काही मोठ्या स्पर्धांआधी पात्रता फेऱ्या खेळाव्या लागल्या असत्या. तो स्वतः खिडकीशी आला. मागे तीन खेळाडू रांगेत, आत आम्ही सगळे. त्याने चिठ्ठी सरकवली. आकड्याची जागा कोरी होती.

"मास्तर, तेव्हा मी चुकलो. मला कळलंय आता. किती लावायचे ते तुम्हीच ठरवा."

खोलीतली सगळी यंत्रं थांबली. याच वाक्यासाठी मामा दीड वर्ष खुर्च्या विणत बसला होता, असं मला वाटलं. सात वर्षं तो याला अरे-तुरे करायचा. आता त्याने चिठ्ठी एका बोटाने परत ढकलली.

"साहेब, कोरी चिठ्ठी आम्ही घेत नाही. नियम वाचा. तुमच्यामुळेच आलाय."

डावऱ्याने भिंतीवरचा नियम वाचला. मग त्याने कोपर चोळलं, पेन घेतलं आणि चोवीस लिहिले. जुन्या कागदावरचा आकडा त्याला आठवला असणार. मामाने "आभारी आहे" म्हटलं आणि चोवीस लावले. कमी नाही, जास्त नाही.

छताखाली हवा कोरडी, चेंडू हलका, कोर्ट वेगवान. चोवीसच्या सैल तारांवरून डावऱ्याचे फटके रेषेबाहेर जाऊन पडू लागले, कधी चार बोटं, कधी हातभर. तासाभरात सामना संपला. जाताना तो आमच्या खिडकीसमोरून गेला, पण आत बघितलं नाही.

परत आल्यावर यंत्र पेटीतून काढताना मी मामाला विचारलं, तिथे तू किती लावले असतेस?

"साडेपंचवीस." त्याला विचारही करावा लागला नाही. "सव्वीसही चालले असते. गाढवाने नेमका तिथेच आपला आकडा सोडला."

"पण त्याने विचारलं होतं तुला. चारचौघांत."

मामाने यंत्राचा काटा फडक्याने पुसला.

"बदनामीही चारचौघांतच केली होती. आणि ती मी पुरी सात वर्षं राबल्यावर," तो म्हणाला. "याचं हे पहिलंच वर्ष. अजून सहा बाकी आहेत."