एकदा लागलेलं झाकण

आमच्या सेंटरवर किस्से सांगायला मुद्दाम कुणी बसत नाही. दुपारी चहा येतो, कुणीतरी म्हणतं, "त्या दिवशी काय झालं माहितीये?" आणि मग चहा गार होईपर्यंत एकातून एक निघत राहतात. रिपोर्ट दर महिन्याला वर जातो. हे मात्र इथंच साचतं, कारण रिपोर्टमध्ये याला रकानाच नाही.

मी सुलभा, पेणच्या सेंटरची नर्स. आमचं काम काय ते सांगितलं की पाहुणे जरा लांब सरकून बसतात. जे लोक नशेची इंजेक्शनं घेतात, त्यांना आम्ही नव्या सुया देतो आणि वापरलेल्या परत घेतो, म्हणजे एकाचा आजार दुसऱ्याला लागत नाही. "सोड, सोड" करत कुणाच्या मागे लागत नाही. ज्याला सोडायचंय त्याला वाट दाखवायची, ज्याला नाही त्याला निदान जिवंत ठेवायचं. आणि माझा स्वभाव आधीच सांगून टाकते, भारी चौकस. घडी घातलेला कागद दिसला की माझे हात शिवशिवतात.

तर हे किस्से आमच्या स्ट्रेस मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगचे.

*

पत्र आलं ते साळवी सरांनी सगळ्यांना वाचून दाखवलं. सर आमचे मॅनेजर. नियमाला इतके पक्के की स्वतःच्या रजेचा अर्ज स्वतःलाच लिहितात आणि दुसऱ्या दिवशी विचार करून मंजूर करतात.

"तीन दिवस, रामवाडीच्या हॉलवर. पुण्याच्या मॅडम येणार. तणावाचं व्यवस्थापन."

"म्हणजे काय करणार?" नंदाने विचारलं. नंदा धरमतरच्या बाजूची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. पेणमध्ये फिल्डवर फिरते आणि तिच्या तोंडाला कुणी लागत नाही.

"तो सांभाळायचा कसा, ते शिकवणार."

"म्हणजे कमी नाय करणार," नंदा म्हणाली. "सांभाळतोच हाय की आम्ही."

सगळे हसले, दत्ताराम सोडून. दत्ताराम आमचा रोह्याचा माणूस. एके काळी तो स्वतः आमच्याकडून सुया न्यायचा. चार वर्षांपूर्वी त्यातून सुटला आणि आता त्याच लोकांमध्ये आमचं काम करतो. दोन महिन्यांपूर्वी रोह्यात पुलाखाली सत्तावीस नंबर गेला. आमच्या रजिस्टरला नावं नसतात, नंबर असतात. डोस जास्त झाला होता. दत्तारामच्या पिशवीत त्यावरचं औषध होतं, पण तो पोचेपर्यंत उशीर झाला होता. तेव्हापासून दत्ताराम "हो" आणि "नाय" यापलीकडे बोलेना.

त्या दिवशी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "सिस्टर, हे ट्रेनिंग झालं की मी राजीनामा देणार हाय. सरांना आत्ताच सांगू नका."

मागे एकदा तो तापाने पडला होता, तेव्हा मी स्वतः नव्या सुया घेऊन रोह्याला कुंडलिका नदीच्या काठी दोन तास उभी राहिले होते. एक माणूस जवळ फिरकला नाही. शेवटी लांबून एकाने हाक मारली, "दत्ता कुठाय?" म्हटलं, आजारी आहे. "मग तो बरा झाला की येतो," म्हणाला आणि गेला. दत्ताराम गेला की रोह्यातली ती सगळी माणसं पुन्हा चौघांत एक सुई वापरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून तीन दिवस माझं अर्धं लक्ष मॅडमकडे आणि अर्धं त्याच्याकडे.

*

अनघा मॅडम तशा गोड बाई. पहिल्याच दिवशी त्यांनी वेताची एक टोपली फिरवली. "सगळ्यांनी फोन सायलेंट करून यात ठेवा. तीन तास जगाला सुट्टी."

टोपली दत्तारामपाशी आली. त्याने ती तशीच पुढे सरकवली. स्वतःचा फोन समोरच्या बाकावर ठेवला, स्क्रीन वर करून, आवाज पूर्ण वाढवून.

"एखादा कॉल राहिला म्हणून काही आभाळ कोसळत नाही," मॅडम हसून म्हणाल्या.

दत्तारामने फोन हलवला नाही. सरांनी मॅडमना खुणेनेच "राहू द्या" सांगितलं. जेवताना तो भिंतीजवळ बसला, कारण फोन तिथे चार्जिंगला होता.

मला नवल वाटलं. हाच माणूस पूर्वी फोन कुठेही विसरायचा, आणि आम्ही शोधून द्यायचो. विचारावंसं फार वाटलं, पण त्याचा चेहरा बघून गप्प बसले.

*

दुपारी श्वासाचा व्यायाम होता. मॅडम म्हणाल्या, "डोळे मिटा." एकानेही मिटले नाहीत.

"काय झालं?"

मीच सांगितलं, "मॅडम, आमच्याकडे डोळे मिटून बसलेला माणूस दिसला की आधी त्याला हलवतात."

"बरं, मग जोड्या करा. नुसतं समोरच्याच्या श्वासाकडे बघा. बाकी काही करायचं नाही."

नंदाच्या समोर साळवी सर आले. नंदा मन लावून बघत होती. हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज, आणि जेवण वरणभाताचं झालेलं. थोड्या वेळाने मॅडमनी हळूच विचारलं, "नंदाताई, काय जाणवलं?"

"मिनिटाला चौदा," नंदा म्हणाली. "ओठ निळे नाय, नखं बरी हायत. झोपलेत. उठवायची गरज नाय."

*

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हाला खाडीकाठी नेलं. म्हणाल्या, "अर्धा तास एकट्याने चाला. लांब बघा, पाण्याकडे, बार्जकडे. आणि येताना जे छान वाटेल असं काहीतरी एक उचलून आणा. शिंपला, पान, काहीही."

आम्ही चाललो. मॅडमनी मागून फोटो काढला. तो अजून आमच्या ग्रुपवर आहे. सगळ्यांच्या माना खाली. या कामात दोन वर्षं काढली की नजर वर जातच नाही, पायांच्या पुढे हातभर फिरत राहते.

परत आल्यावर गोल करून बसलो. सरांनी दगड आणला होता, मी शंख आणला होता. नंदाने पर्समधून चिमटा आणि प्लास्टिकची बाटली काढली. बाटलीत तीन वापरलेल्या सुया.

मॅडमचा चेहरा पडला. "नंदाताई, छान वाटेल असं म्हटलं होतं मी."

"हितनं पोरीबाळी अनवाणी जातात, मॅडम. आता त्यांच्या पायात नाय जाणार. मला ह्यात छान वाटलं."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही, त्यांनी वही उभी धरली होती.

*

आता डब्याचा किस्सा. यात चूक माझी, ते कबूल करून टाकते.

तिसऱ्या दिवशी मॅडमना एक खोका हवा होता, वर फट असलेला. खोका नव्हता. मी सेंटरवरून सुयांचा कोरा डबा आणून दिला. पांढरा, जाड प्लास्टिकचा, भोक न पडणारा, वर सुया टाकायची फट. वापरलेल्या सुया आम्ही त्यातच टाकतो.

"प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहा," मॅडम म्हणाल्या. "नाव घालायचं नाही. जे कुणालाच सांगितलं नाही ते लिहायचं. मी सगळ्या मिसळून वाचून दाखवीन. मीही एक लिहिणार आहे."

ट्रेनिंगच्या पॅडचे एकसारखे पिवळे कागद. दत्ताराम खूप वेळ लिहीत होता. मी मान लांब करून पाहिलं, पण त्याचा दंड आड येत होता. त्याच्या खिशात तसाच पिवळा, चार घड्यांचा दुसरा कागद होता. तो राजीनाम्याचा. सकाळीच त्याने मला लांबून दाखवला होता. मला राहून राहून वाटत होतं, आता चिठ्ठ्या वाचतील तेव्हा अक्षरावरून नाही, पण मजकुरावरून तरी ह्याची ओळखू येईल. दोन महिने ह्याच्या मनात काय अडकलंय ते कळेल, म्हणजे काहीतरी करता येईल.

सगळ्यांच्या चिठ्ठ्या पडल्या. डबा माझ्याकडे आला. आणि इतक्या वर्षांची सवय, माझा अंगठा आपोआप झाकणावर गेला. कट्‌ आवाज झाला. वर पेनाने तारीखसुद्धा टाकली मी.

मॅडमनी झाकण ओढून पाहिलं. ते निघत नाही, तसंच बनवलेलं असतं. "सुरी आहे का कुणाकडे?"

"नाही, नाही," आम्ही सगळे एकदम म्हणालो.

"अहो, आत कागद आहेत नुसते."

"असू देत," सर म्हणाले. "बंद केलेला डबा उघडायचा नसतो. मंगळवारी कचऱ्याची गाडी येईल, तिच्यात जाईल. भट्टीत."

मॅडमनी एकेकाकडे पाहिलं. आम्ही थट्टा करत नव्हतो. माझं तर तोंड कडू झालं होतं, सर्वांत जास्त उत्सुक मी आणि झाकण लावलं तेही मीच.

तेवढ्यात दत्ताराम बोलला. तीन दिवसांतलं त्याचं पहिलं अख्खं वाक्य. "झाकण लागलं की आतलं आपलं नाय, मॅडम."

मॅडम खुर्चीत बसल्या, आणि एकाएकी हसायला लागल्या. "बरं झालं. माझी चिठ्ठी वाचायची मला भीतीच वाटत होती," म्हणाल्या.

त्यात त्यांनी काय लिहिलं होतं कोण जाणे. अजून मनात येतं कधीकधी.

*

सोमवारी सकाळी दत्ताराम रोह्याहून आला आणि थेट सरांच्या टेबलापाशी गेला. मी औषधांचं कपाट लावत होते, म्हणजे कान तिकडेच होते. त्याने खिशातला पिवळा कागद काढून सरांपुढे ठेवला.

सरांनी घड्या उलगडल्या. चष्मा लावला. त्यांना वाचायला जेवढा वेळ लागला, तेवढा राजीनाम्याला लागत नाही. मग त्यांनी कागद माझ्याकडे केला.

चारच ओळी होत्या. "सत्तावीस नंबर. दोन मिस कॉल होते. बहिणीचा साखरपुडा होता. फोन पालथा ठेवला होता."

कपाटाची किल्ली माझ्या हातात तशीच राहिली. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

"दत्ताराम," सर म्हणाले, "तुझं काम काय होतं माझ्याकडे?"

दत्तारामने कागदाकडे पाहिलं. शर्टाचा खिसा चाचपला, मग पॅंटचे दोन्ही. "राजीनामा होता, सर. डब्यात गेला वाटतं."

डबा कोपऱ्यात होता, माझ्या हातची तारीख घातलेला. आम्ही तिघेही त्याच्याकडे बघत राहिलो.

"तो उघडता येत नाही," सर म्हणाले.

"व्हय."

सरांनी कागदाची पुन्हा चौकोनी घडी केली आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवली. दुसरा लिहून आण, असं ते म्हणाले नाहीत. नियमाने म्हणायला हवं होतं.

दत्ताराम बाहेर पायरीवर चपला घालत होता. मी मागोमाग गेले. स्वभाव, दुसरं काय. "दत्ता, खरं सांग. कागद चुकून बदलले का मुद्दाम?"

त्याने तोंड उघडलं, आणि हातातला फोन उजळला. पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत त्याने तो कानाला लावला.

"बोल. हाय मी," म्हणाला, आणि रोह्याच्या एसटीकडे चालू लागला.